पोथनसाठी नेलेली बाटली

पोथनने दारू सोडली तेव्हा आठवा मैल या आमच्या गावातल्या सगळ्या माणसांना आनंद झाला. मला इतका संताप आला की दोन दिवस मी चूल पेटवली नाही.

कारण मी वाट बघत होते. दारुड्याला शिक्षा करायला देवाला फारसे कष्ट पडत नाहीत. आज ना उद्या त्याचं लिव्हर सडतं, पोटात पाणी होतं, नाहीतर एखाद्या सकाळी तो नाल्यात पालथा सापडतो. मला फक्त तोवर जिवंत राहायचं होतं आणि डोळ्यांनी बघायचं होतं. एवढंच मागणं मी रोज रात्रीच्या जपमाळेत घालत होते, आणि पन्नास वर्षांच्या प्रार्थनेत याहून मनापासून मी काहीच मागितलं नव्हतं.

गेल्या जूनची गोष्ट. माझा नवरा मत्तायी मिऱ्याची दोन पोती घेऊन बाजाराला निघाला आणि पोथनच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसला. पोथन सकाळपासून पिऊन होता. तिसरं वळण उजवीकडे जातं, जीप सरळ गेली. मागे बसलेले पाचजण खरचटून वाचले, पोथनचा उजवा पाय मोडला, आणि मत्तायीला रबराच्या झाडांमधून वर आणायला चार माणसं लागली. ब्रेक निकामी झाला, असं पोलिसांत लिहिलं गेलं. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि सगळे ब्रेक, ब्रेक म्हणत होते. वकील म्हणाला ब्रेक, जीपचा मालक म्हणाला ब्रेक, मयताला आलेले लोकही माझ्यासमोर बसून, माझा चहा पिऊन ब्रेकच म्हणाले.

ऑगस्टमध्ये पोथनच्या बायकोने, लीलाम्माने, त्याला कुबड्यांसकट ध्यानकेंद्रात नेऊन टाकलं. सहा दिवस उपास, प्रार्थना, रडारड. अशा ठिकाणी दर आठवड्याला शंभर दारुडे जातात आणि त्यातले नव्वद परतीच्या बसस्टॉपवरच पुन्हा सुरू करतात. पोथन त्या नव्वदांत असेल याबद्दल मला काडीची शंका नव्हती. पण तो गळ्यात जपमाळ घालून आला आणि रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उभं राहून त्याने साक्ष दिली. मी बायकोला मारलं, मी आईचे दागिने विकले, मी मत्तायी चेट्टनना, थोरल्या भावासारख्या माणसाला, मारलं, असं सगळ्यांसमोर म्हणाला. बायका हुंदके देत होत्या. शेजारची पेण्णम्मा तर माझ्याच पदराला नाक पुसत म्हणाली, "बघ गं त्रेस्या, केवढं परिवर्तन!"

"करून करून भागला आणि देवपूजेला लागला," मी म्हटलं.

"असं बोलू नये. देवाने माफ केलं त्याला."

"देवाचा नवरा नव्हता त्या जीपमध्ये."

आयजीच्या जिवावर बायजी उदार! ज्यांचं काहीच गेलं नव्हतं त्या सगळ्यांनी त्याला माफ करून टाकलं, आणि मी तेवढी दगडाच्या काळजाची ठरले. एवढ्यावर तो थांबला असता तरी चाललं असतं. पण पुढच्या महिन्यात तो लंगडत पोलीस ठाण्यात गेला आणि ब्रेक ठीक होता, मी प्यायलो होतो, असं लिहून देऊन आला. मी ज्या खऱ्यासाठी तीन महिने ओरडत होते ते त्याने एका दुपारी सांगितलं, आणि त्याचंही पुण्य त्याच्याच खात्यावर. आता खटला चालेल, तुरुंगात जाईल, आणि जाईल तोही संत म्हणून. कुवेतमध्ये नर्स असलेली माझी लेक फोनवर म्हणायची, "अम्मची, सोडून द्या आता." मी म्हणायचे, "हो हो," आणि फोन ठेवायचे.

मग आला ईस्टरच्या आधीचा पन्नास दिवसांचा उपास. आमच्याकडे या पन्नास दिवसांत अट्टल दारुडेही बाटलीला शिवत नाहीत. मांसमच्छी नाही, दारू नाही, आणि ईस्टरच्या सकाळी सगळं एकदम वसूल करतात. तेव्हा या दिवसांत पोथन कोरडा राहिला यात कौतुक कसलं, असं मी म्हणत होते. पण ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर आमचा कपियार औता, म्हणजे देवळाची घंटा-मेणबत्ती बघणारा, कागद घेऊन उभा राहिला आणि गुरुवारच्या बाराजणांची नावं वाचली.

पवित्र गुरुवारी अच्चन, आमचे पाद्री, बारा पुरुषांना वेदीसमोर बसवतात, त्यांचे पाय धुतात, पुसतात आणि वाकून पायाचं चुंबन घेतात. ईशोने, म्हणजे येशूने, शिष्यांचे धुतले तसे. त्या बाकावर नाव येणं म्हणजे घराण्याचा मान. मत्तायीचं नाव एकतीस वर्षांत एकदाच आलं होतं आणि तो आदल्या दिवशी टाचा दगडाने घासत बसला होता.

औताने बारावं नाव वाचलं, ते पोथनचं.

लीलाम्माने तोंडावर हात घेतला. सगळं देऊळ तिच्याकडे बघून हसलं, मायेने. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तो उजवा पाय आला, ज्याला त्या वळणावर ब्रेक सापडला नव्हता. त्याच पायाला अच्चन ओठ लावणार होते. त्या क्षणी मी ठरवलं की पोथन त्या बाकावर बसेल तो पिऊन बसेल. अच्चन वाकतील तेव्हा त्यांच्या नाकात वास जाईल, आणि सगळं गाव बघेल.

कसं करायचं ते मात्र सुचत नव्हतं. ते अच्चननीच सुचवलं, बिचाऱ्यांना पत्ताही नाही.

मंगळवारी मी पापनिवेदनाला गेले. ईस्टरच्या आधी जावंच लागतं. आमचे अच्चन तिशीतले, मोटरसायकलवरून फिरणारे. मला सगळ्यांसारखेच चेडत्ती, थोरली बहीण, म्हणतात. जाळीपलीकडून म्हणाले, "त्रेस्या चेडत्ती, पोथनशी बोललात का?"

"नाही."

"बोलणार आहात का?"

"अच्चन, मी तुमच्या आईच्या वयाची आहे. दुसरं काहीतरी विचारा."

"मनात एवढं धरून पापमुक्ती कशी मागता? माफ करा असंही म्हणत नाही मी. फक्त त्याच्या घरापर्यंत चालत जा. पुढचं देव बघेल."

मी "बरं" म्हटलं आणि उठले. बाहेर आले तोवर सगळं डोक्यात जुळलं होतं. पवित्र आठवड्यात भांडण मिटवायला एक बाई दुसऱ्याच्या घरी गेली, तर कोण कशाला संशय घेईल? आणि हातात बाटली असली तरी ती वाइनची. आमच्या लोकांच्या मते वाइन ही दारू नव्हेच. नाताळच्या आधी घराघरात द्राक्षं, साखर, गहू, लवंगा बरणीत घालून झाकतात. आज्या-पणज्या पितात, लहान पोरांना केकबरोबर चमचाभर देतात. ब्रँडीच्या नावाने कानाला खडा लावलेली माणसंही वाइन आली की पेला पुढे करतात. पोथनला दारूच्या दुकानापासून सगळ्यांनी जपलं होतं. वाइनपासून जपायला हवं हे कोणाच्या डोक्यातही आलं नसेल.

घरात सुतक असल्यामुळे या नाताळला मी वाइन केली नव्हती. पण त्याच्या आदल्या वर्षीची एक बाटली शिल्लक होती. मत्तायीने स्वतःच्या हातांनी द्राक्षं कुस्करली होती आणि माझी नजर चुकवून साखर दुप्पट घातली होती. दोन पेल्यांत माणूस गायला लागायचा.

बुधवारी अकराच्या सुमारास मी निघाले. लीलाम्मा देवळात झाडलोट करायला गेलेली मी बघितली होती. पोथनचं घर रस्त्याच्या खाली, दहा पायऱ्या उतरून. तो ओसरीवर बसून जायफळं सोलत होता. मला बघून इतक्या घाईने उठला की टोपलीच कलंडली.

"बस," मी म्हटलं. "पाय मोडका आहे तुझा."

"चेडत्ती..." त्याने हात लुंगीला पुसले. "चेडत्ती, तुम्ही..."

"आले. आत बोलवणार आहेस की जायफळांशीच बोलू?"

आत टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर ईशोच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि खाली लाल दिवा. मी खुर्चीवर बसले. तो उभाच राहिला. वाळला होता, केस पांढरे झाले होते. चाळिशीचा माणूस माझ्या वयाचा दिसत होता.

"दहा महिने झाले," तो म्हणाला. "मी रोज तुमच्या फाटकापर्यंत येतो आणि परत जातो."

"ठाऊक आहे. कुत्रा भुंकतो."

तो रडता रडता हसला. मला त्याच्या हसण्याची चीड आली, पण मी चेहरा गोड ठेवला.

"एक पेला आण," मी म्हटलं. त्याने आणला. मी पदराखालून बाटली काढली, बूच उघडलं आणि पेला काठोकाठ भरला. खोलीभर वास पसरला. "ही तुझ्या मत्तायी चेट्टनच्या हातची. शेवटची बाटली. त्याच्या नावाने घोटभर घे पोथन. मग माझ्या मनात काही राहणार नाही."

तो पेल्याकडे बघत राहिला. "वाइन आहे ना ही?"

"वाइनच. दारू थोडीच आहे? अच्चनसुद्धा घेतात."

"मला पहिली आजीने दिली होती," तो हळू म्हणाला. "नाताळात. सात वर्षांचा होतो. तीही हेच म्हणाली होती."

मी पेला उचलून त्याच्यापुढे धरला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. खोटं कशाला बोलू, ते बघून माझ्या जिवाला थंडावा वाटला. दहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्या हातात काहीतरी होतं. माझ्या हातून आलेल्या पेल्याला नाही म्हणायची छाती या माणसात असणं शक्य नव्हतं. जगात इतर कोणालाही नाही म्हटला असता, मला नाही.

त्याचे ओठ हलत होते. ईशो, ईशो, ईशो. मग त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरले.

"तुम्ही ओता चेडत्ती. बाहेर, केळीच्या बुंध्याशी. माझ्या हातून ते ओतलं जाणार नाही. पेला हातात धरला की सरळ तोंडाकडेच जातो."

"मत्तायीच्या नावाला नाही म्हणतोस?"

"त्यांच्या नावासाठीच नाही म्हणतोय. त्या सकाळीही एकाने म्हटलं होतं, घोटभरच घे."

माझा चेहरा आता गोड राहिला नसावा. "मग नीट ऐक. हे घेतलं नाहीस तर मी तुला कधीच माफ करणार नाही. मरताना बोलावलंस तरी येणार नाही."

"नका करू माफ," तो म्हणाला. डोळ्यांतून धार लागली होती, हात मात्र मागेच होते. "त्यासाठीच तर रोज फाटकापर्यंत येत होतो. पण नका करू. माफीशिवाय मी कसाबसा जगेन. हे घेतलं तर लीलाम्मा जगायची नाही. मला रोज सकाळी उठून ईशोच्या पाया पडून फक्त त्या दिवसापुरतं मागावं लागतं, चेडत्ती. आजचं मागून झालंय. ते मी तुम्हालासुद्धा देऊ शकत नाही."

"आणि उद्या त्या बाकावर ऐटीत बसशील."

"नाही बसणार. वेदीपाशी आलास आणि कोणाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर आधी त्याच्याकडे जा, असं वाचून दाखवलं होतं ध्यानकेंद्रात. तुमच्या मनात आहे ते मी आज बघितलं. अच्चनचं पाणी माझ्या पायाला नको."

मी उठले. पेला टेबलावर ठेवला, बाटली त्याच्या शेजारी, उघडीच. "राहू दे इथेच. बघते तुझा ईशो किती वेळ राखण करतो."

मी पायऱ्या चढून रस्त्यावर आले. मला खात्री होती. रिकामं घर, उघडी बाटली आणि पोथन. मी त्याला वीस वर्षं ओळखत होते.

गुरुवारी वेदीसमोर बारा खुर्च्या मांडल्या होत्या. अकरा भरल्या. अच्चन कंबरेला पंचा बांधून पितळेच्या घंगाळापाशी थांबले. दाराकडे बघितलं, पुन्हा बघितलं, मग कपियार औताला खूण केली. औता कुरकुरत बाराव्या खुर्चीवर बसला आणि भेगाळलेले पाय पुढे केले. देवळात कुजबुज पसरली. पेण्णम्मा माझ्या कानाशी लागली. "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही बघ. काल दुपारी तो अंगणात डोकं धरून बसलेला आमच्या पोराने बघितला. झिंगलेला!"

"असेल," मी म्हटलं.

मला इतका आनंद झाला की स्तोत्र म्हणताना माझा आवाज सगळ्यांच्या वर गेला. समोर लीलाम्मा डोक्यावरचा पदर पुढे ओढून जमिनीकडे बघत होती. तिच्याकडे मी बघितलं नाही.

त्या संध्याकाळी आमच्याकडे घरोघरी बिनखमिराची भाकर करतात, वर झावळीच्या पात्याचा क्रूस ठेवून, आणि गुळाच्या नारळी दुधाबरोबर खातात. ज्या घरात वर्षभरात कोणी गेलं असेल तिथे ती भाजायची नसते. शेजारपाजारचे आणून देतात. तीन-चार घरांतून मला आली. शेवटी दारात लीलाम्मा उभी. एका हातात झाकलेली थाळी, दुसऱ्या हातात माझी बाटली. बूच लावलेलं, आणि वाइन माझ्या पेलाभरानेच काय ती कमी.

मी बाटली घेऊन उजेडाकडे धरली.

"तुमची चुकून राहिली म्हणाले," लीलाम्मा म्हणाली. "काल मी देवळातून आले तेव्हा ते अंगणात भर उन्हात बसले होते, घराकडे पाठ करून. म्हणाले, आत जा, पेल्यातलं ओतून टाक, बाटलीला बूच लाव, मग मी आत येतो. चार तास बसले होते चेडत्ती. पाठ भाजून निघाली."

"मग सांगत का नाहीस लोकांना?" माझा आवाज मलाच चिरका वाटला. "आज सगळं देऊळ त्याला झिंगलेला म्हणत होतं. तू गप्प का बसलीस?"

"त्यांनी शपथ घातलीय. म्हणाले, बाटली कोणी आणली हे कळलं तर गाव चेडत्तींच्या तोंडात शेण घालेल. त्या एकट्या आहेत. मला लोकांनी दारुडा म्हटल्याने नवीन काय होणार?" तिने थाळी माझ्या हातात दिली. "मला तुम्हाला काही विचारायचं नाही. भाकर गरम आहे, खाऊन घ्या."

ती गेली. मी थाळी ओसरीच्या कट्ट्यावर झाकून ठेवली ती तशीच राहिली.  पश्चात्ताप झाला असं कोणी समजू नये, मला नुसता संताप झाला होता. त्या माणसाने माझा नवरा मारला आणि आता तो माझी अब्रू झाकत होता. मत्तायीच्या मारेकऱ्याचे उपकार माझ्या डोक्यावर! मी त्याला मातीत घालायला गेले आणि तो माझ्यावर पांघरूण घालून मोकळा झाला.

शुक्रवारी क्रूस घेऊन सगळं गाव डोंगर चढून आलं. उपाशीपोटी, अनवाणी. दुपारी क्रूसाचं चुंबन घेऊन लोक देवळाच्या अंगणात रांगेत उभे राहिले. या दिवशी प्रत्येकाला कारल्याचा रस आणि शिरका घातलेलं कडू पाणी घोटभर देतात, क्रूसावर ईशोला कडू पाजलं होतं म्हणून. पलीकडे मंडपात पेज आणि मुगाची उसळ शिजत होती. औता पातेलं घेऊन बसला होता. पोथन माझ्यापुढे चार माणसं सोडून उभा होता. त्याच्या पुढे आणि मागे हातभर जागा मोकळी होती. कोणी त्याला खेटत नव्हतं.

"या या, बाराव्या शिष्या!" औता मोठ्याने म्हणाला. "तुला दोन पेले देतो. बुधवारची उतरली नसेल अजून."

रांग हसली. पोथनने खाली मान घालून एक पेला घेतला आणि प्यायला.

"एवढ्याने काय होतंय?" मागून कोणीतरी म्हणालं. "आत मुरलेलं आहे ते."

मग वर्की पुढे आला. पोथनचा जुना पिण्यातला सोबती. त्याने पोथनच्या खांद्यावर हात टाकला आणि लाडाने म्हणाला, "जाऊ दे रे. मला ठाऊक होतं तू आमचाच आहेस. उद्याचा दिवस कळ काढ. परवा ईस्टर. सकाळी माझ्याकडे ये, डुकराचं मटण आहे, मिळून बसू. हे लोक काय, प्यायलास तरी बोलणार, नाही प्यायलास तरी बोलणार."

 पोथनने वर्कीचा हात झटकला नाही. बुधवारी पेल्यासमोर ताठ राहिलेले त्याचे खांदे खाली आले होते, आणि तो वर्कीकडे असा बघत होता की मला सगळं कळलं. मला आता काहीही करावं लागणार नव्हतं. दोन दिवस तोंड मिटून बसायचं, बाकीचं वर्की आणि ईस्टर करणार होते. दहा महिने मागितलेलं मागणं माझ्या ओंजळीत पडत होतं. लीलाम्मा मंडपात ताटं मांडत होती आणि तिने वर्कीचा हात बघितला. ताट हातात धरून ती जागच्या जागी उभी राहिली.

गप्प बसायचं, एवढंच. पण गप्प बसणारे मी बघितले होते. ब्रेक, ब्रेक म्हणत माझा चहा पिणारे. त्यांच्यापैकी प्रत्येकाचा चेहरा मला अजून पाठ होता, आणि आता मी त्यांच्याच ओळीत उभी होते.

"तो प्यायला नव्हता," मी म्हटलं.

कोणाला ऐकू गेलं नाही. मी रांग सोडून पुढे गेले, वर्कीचा हात धरून पोथनच्या खांद्यावरून खाली ओढला आणि ओरडून म्हटलं, "तो प्यायला नव्हता! बाटली मी नेली होती. बुधवारी, त्याच्या घरी, लीलाम्मा नसताना. मत्तायीची वाइन. पेला भरून त्याच्या तोंडाशी धरला, मत्तायीची शपथ घातली, माफ करेन म्हणून आमिष दाखवलं. तो नाही म्हणाला. मी बाटली उघडी टाकून आले, तर चार तास उन्हात बसला पण शिवला नाही. तो पिऊन देवळात यावा म्हणून मी गेले होते. औता, ऐकलंस? आता दोन पेले कोणाला द्यायचे ते ठरव."

 देवळाच्या पायरीवर अच्चन उभे होते. ते एक पायरी उतरले आणि थांबले. सकाळी माझा हात धरून डोंगर चढलेली पेण्णम्मा दोन पावलं मागे सरकली. औताने एक पेला भरून माझ्यापुढे केला. मी एका दमात प्यायले. कडूजहर होतं.

"चेडत्ती, का सांगितलंत?" पोथनचा आवाज जेमतेम येत होता.

"तुझे उपकार नकोत मला," मी म्हटलं. "कसलेच नकोत."

मग लोक हळूहळू मंडपाकडे वळले. दोघंतिघं पोथनपाशी थांबले, एकाने त्याची पाठ थोपटली. औता पातेलं खाली ठेवून त्याच्या पाया पडायला वाकला, तर पोथनने त्याला वरच्या वर धरला. लीलाम्मा तोंडात पदर कोंबून रडत होती. मी जाऊन चटईच्या टोकाला बसले. वाढणाऱ्या मुलीने माझ्यापुढे पेज ठेवली ती लांबूनच. माझ्या डाव्या हाताला कोणी बसेना. बायका येत, मला बघत आणि पुढच्या रांगेत जाऊन बसत. पेण्णम्मा तर पार पलीकडच्या टोकाला गेली. तीस वर्षं आम्ही दोघी शुक्रवारची पेज शेजारी बसून प्यायलो होतो. मला जे त्याचं व्हायला हवं होतं ते सगळं माझं झालं होतं, आणि तेही माझ्याच तोंडाने.

मी मान खाली घालून बसले होते, म्हणून शेजारी कोणीतरी बसल्याचं आधी कळलं नाही. तो मोडका पाय लांब करून, दुसरा दुमडून बसत होता. हातातली पेजेची वाटी हिंदकळली. त्याच्यासाठी मधल्या रांगेत जागा करून लोक हाका मारत होते, त्याने वळून बघितलं नाही.

"मी तुला माफ केलेलं नाही," मी पेजेकडे बघत म्हटलं.

"ठाऊक आहे, चेडत्ती," पोथन म्हणाला. "सकाळी फाटकातून दिसलं, थाळी कट्ट्यावर तशीच होती. कालपासून तुम्ही खाल्लेलं नाही. जेवा."